हलक्या रानातले इंधन

एकदा लावल्यावर दहा-वीस वर्षे त्याच जागी उभे राहणारे, दर वर्षी किंवा दोन-तीन वर्षांनी तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटणारे आणि मुख्यतः जाळण्यासाठी, कुजवून वायू मिळवण्यासाठी किंवा द्रव इंधन काढण्यासाठी घेतले जाणारे पीक म्हणजे बहुवार्षिक ऊर्जापीक होय. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकातील तेलटंचाईनंतर स्वीडनमध्ये विलोची झुडपे, पुढे इंग्लंड-जर्मनीत मिस्कँथस हे पुरुषभर उंचीचे गवत आणि अमेरिकेत स्विचग्रास यांचा या दृष्टीने अभ्यास सुरू झाला. धान्याच्या पिकाशी स्पर्धा नको म्हणून या पिकांसाठी हलक्या जमिनी सुचवल्या गेल्या. हा विचार सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याला लावण्याचा मोह होणे साहजिक आहे, मात्र तेथे एक मूलभूत फरक आड येतो. उत्तर युरोपात हलकी जमीन म्हणजे बहुधा रेताड, पण मुळांना मीटर-दोन मीटर खोल जाऊ देणारी जमीन असते, तर सोलापुरात हलकी जमीन म्हणजे उथळ जमीन.

दख्खनच्या काळ्या पाषाणावर बनलेल्या या जमिनीचे रूप पाहायचे, तर सांगोला किंवा करमाळा भागात रस्त्यासाठी माळ कापलेला असतो त्या जागी उभे राहावे. वर वीतभर तांबूस-करडी, खडेमिश्रित माती दिसते. तिच्याखाली हाताने चुरता येईल असा पिवळट मुरूम लागतो, मुरमाच्या पोटात गोलसर धोंडे अडकलेले असतात, आणि त्याहून खाली उभ्याआडव्या भेगा पडलेला खडक सुरू होतो. बाजरीची किंवा मटकीची मुळे वरच्या मातीतच पसरून थांबलेली दिसतात, तर शेजारच्या बोरीचे किंवा हिवराचे मूळ मुरूम भेदून खडकाच्या भेगेत शिरलेले असते आणि तेथे जागा नसल्यामुळे फितीसारखे चपटे झालेले असते. बहुवार्षिक झाडाच्या बाजूने जो काही युक्तिवाद करता येतो, तो सगळा या एका मुळात सामावलेला आहे.

हा युक्तिवाद आकड्यांत तपासण्याची सोय सोलापुरात फार पूर्वीच झाली होती. मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीच्या अभ्यासाला १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे आरंभ झाला आणि १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र उघडले. भारतात मातीची धूप आणि वाहून जाणारे पाणी प्रत्यक्ष मोजण्याचे अगदी सुरुवातीचे प्रयोग याच केंद्राच्या वाफ्यांत झाले, आणि या कामाचे सूत्रधार ना. वि. कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आज चालणारे हे केंद्र पिकाची शिफारस करताना आधी मातीची खोली विचारते. साडेसात सेंटिमीटरपर्यंतच्या जमिनीत पिकाला उपलब्ध होणारी ओल जेमतेम १५ ते २० मिलिमीटर धरली जाते आणि तेथे गवत व वनशेतीच सुचवली जाते. त्यापुढे साडेबावीस सेंटिमीटरपर्यंत ही ओल ३० ते ३५ मिलिमीटर होते, आणि मटकी, हुलगा यांसारखी काटक पिके घेता येतात. ६० ते ९० सेंटिमीटर खोल काळ्या रानात मात्र १४० मिलिमीटरच्या आसपास ओल साठते. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी हस्ताच्या पावसानंतर एकही सर न पडता त्या ओलीवर पोसते.

उथळ रानाचे दुखणे या आकड्यांत नेमके दिसते. पावसाळ्यातील उघडिपीत उभे पीक आणि तापलेली जमीन मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतात, म्हणजे ३५ मिलिमीटरची साठवण आठवड्याभरात रिकामी होते. सोलापूर येथे वर्षाला साधारण ७२० मिलिमीटर पाऊस पडतो, पश्चिमेच्या तालुक्यांत त्याहून बराच कमी, आणि त्याची रीत अशी की मृगात बरसून तो जुलै-ऑगस्टमध्ये दडी मारतो आणि सर्वांत जोराने सप्टेंबरात येतो. खरिपाचे पीक या दडीत होरपळते, आणि सप्टेंबरचा पाऊस येतो तेव्हा त्याचा उपयोग करायला रानात काही शिल्लक नसते. बहुवार्षिक झाड दडीच्या काळात पाने आखडून थांबते, पाऊस आला की पुन्हा चालू लागते, मेमधला वळीव किंवा नोव्हेंबरातली अवकाळी सरही वाया जाऊ देत नाही. उथळ साठवणीचा हौद लहान असला, तरी तो वर्षात अनेकदा भरतो, आणि दर खेपेला तो पिणारे कोणीतरी तेथे हजर असते, हाच त्याचा खरा फायदा आहे.

या फायद्याची मर्यादाही लगेच मोजून पाहणे बरे, कारण ऊर्जापिकांविषयीच्या बहुतेक फसव्या आशा हे मोजमाप टाळल्यामुळे निर्माण झाल्या आहेत. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. वाहून गेलेले आणि जमिनीवरून थेट उडालेले पाणी वजा जाता उथळ रानातील झुडपाच्या मुळांतून वर्षाकाठी २०० मिलिमीटर पाणी गेले असे धरले, तर ते वीस लाख लिटर होते. वनस्पतीला एक किलो वाळलेले वजन तयार करण्यासाठी जितके पाणी पानांतून सोडावे लागते, त्याला बाष्पोत्सर्जन गुणोत्तर म्हणतात. बहुतेक झाडांसाठी आणि कडधान्यांसाठी ते पाचशे लिटर किंवा त्याहून जास्त, तर ऊस, ज्वारी, मका आणि उष्ण प्रदेशातील गवतांसाठी तीनशेच्या आसपास असते. म्हणजे लाकूड हवे असेल तर हेक्टरी चार टन आणि गवत हवे असेल तर साडेसहा टन, ही कोरडवाहू हलक्या रानाची ढोबळ मर्यादा झाली. खत, सुधारित वाण किंवा दाट लागवड यांनी ती थोडी हलते, पण आकाशातून न पडलेले पाणी कोणतेही वाण निर्माण करू शकत नाही.

सोलापूर जिल्ह्यात बहुवार्षिक ऊर्जापीक नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. लागणीनंतर खोडवा, निडवा असे दोन-तीनदा तोडले जाणारे आणि चिपाडापासून वीज, रसापासून व मळीपासून इथेनॉल देणारे उसाचे पीक त्या व्याख्येच्या बरेच जवळ जाते, आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. पण ऊस पाटपाण्यावर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पितो. उजनीच्या पाण्यावर आणि ठिबकाच्या नळ्यांवर तो मुरमाड रानातही उभा केला जातो खरा, परंतु तेव्हा हलकी जमीन केवळ झाड उभे धरण्याचे काम करते आणि ऊर्जा प्रत्यक्षात धरणातून येते. डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊसमान कमी झालेल्या वर्षी, केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा हे नाते उघडे पडले. संकरित नेपिअर, ज्याला शेतकरी हत्तीगवत म्हणून ओळखतात, त्याचीही गोष्ट वेगळी नाही. २०१८ मध्ये तेल कंपन्यांनी दाबलेला जैववायू विकत घेण्याची योजना आणल्यापासून या गवताची जाहिरात वाढली आहे, आणि राहुरीच्या ‘फुले जयवंत’सारख्या वाणांच्या हिरव्या वजनाचे आकडे डोळे दिपवणारे आहेत, परंतु ते आकडे पाण्याखालच्या, खत दिलेल्या रानातले आहेत. शिवाय हिरव्या वजनात चार-पंचमांश पाणीच असते, ही गोष्ट करार करताना ध्यानात ठेवणारे कमी.

हलक्या जमिनीसाठी म्हणून मुद्दाम आणलेल्या पिकांत मोगली एरंडाचा, म्हणजे जट्रोफाचा, बोलबाला सर्वांत मोठा झाला. नाशिक भागात विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने १९८६ च्या सुमारासच त्याची लागवड सुरू झाली होती. पुढे नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये देशभर १ कोटी १२ लाख हेक्टरवर तो लावण्याची कल्पना मांडली, आणि २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले. लक्ष्य कागदावरच राहिले. बियांत तेल तीस टक्क्यांच्या वर असते हे खरे होते, झुडूप कोरड्या माळावर तगते हेही खरे होते, पण तगणे आणि फळणे या दोन गोष्टी एकच धरल्या गेल्या. पाण्याची ओढ बसलेले झुडूप जिवंत राहण्यापुरते करते आणि बी धरण्याची उठाठेव करत नाही. जे बी येते ते एकदम पिकत नसल्यामुळे पुन्हापुन्हा हाताने वेचावे लागते, आणि पेंड विषारी असल्यामुळे जनावरांपुढे टाकता येत नाही. बियांऐवजी सबंध झाड तोडून वापरायचे असेल तर हा जुगार टळतो, कारण लाकूड वाढण्यासाठी फुलोऱ्याची नेमकी वेळ साधावी लागत नाही.

सुबाभूळ या दुसऱ्या वर्गातली आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने आठव्या दशकात तिचा हवाई बेटांवरचा उंच वाण आणून चारा आणि सरपण यांसाठी खेडोपाडी पोहोचवला. सोलापूरच्या केंद्रानेही सुबाभळीच्या ओळी ठेवून त्यांच्या मधल्या पट्ट्यांत हंगामी पिके घेण्याची पद्धत अभ्यासली. ही झाडे मुळांवरील गाठींतून हवेतला नत्र मिळवतात, गुडघ्याच्या उंचीवर तोडली की महिन्याभरात फुटतात, आणि तिसऱ्या वर्षापासून मनगटाएवढ्या जाडीची फाटी देतात. पानांत मायमोसिन नावाचे द्रव्य असल्यामुळे निव्वळ सुबाभूळ खाऊ घातलेल्या जनावरांचे केस गळतात, म्हणून चाऱ्यात तिचा वाटा मर्यादित ठेवावा लागतो. १९८८ मध्ये सायलिड हा रस शोषणारा बारीक कीटक भारतात पोहोचला आणि कोवळे शेंडे जळून गेल्यामुळे तिची लोकप्रियता ओसरली. त्याहून चिवट तक्रार शेतकऱ्यांचीच आहे, ती अशी की शेंगा वाळू दिल्या तर शेजारच्या रानात तिची रोपे तणासारखी उगवतात. इंधनासाठी लावलेली सुबाभूळ शेंगा पिकण्याआधी तोडली, तर ही तक्रार बरीच कमी होते. गिरिपुष्प अशा प्रकारे पसरत नाही आणि फांद्या खोचूनही लागते, मात्र त्याचे लाकूड तितके भरत नाही. त्याचा मान हिरवळीच्या खतासाठी.

पाण्याच्या काटकसरीत या दोन्ही झाडांनाही मागे टाकणारी वनस्पती दख्खनमध्ये आधीच बदनाम होऊन बसली आहे. फड्या निवडुंग दिवसा पानांवरील, किंबहुना फडांवरील रंध्रे मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून कर्बवायू साठवतो, त्यामुळे त्याचे बाष्पोत्सर्जन गुणोत्तर शंभर लिटरच्या आसपास किंवा त्याखालीही राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दुष्काळांत काटे भाजून तो जनावरांना घालण्याचे प्रयत्न झाले होते, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कोचिनील जातीच्या किड्याने त्याचे रानच्या रान संपवले. आता बिनकाट्याच्या जाती पुन्हा लावल्या जात आहेत. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने २०२२ पासून पाणलोट कार्यक्रमात पडीक जमिनीवर चारा व जैववायू यांसाठी निवडुंग लावण्यास उत्तेजन दिले आहे. त्याच्या फडांत नव्वद टक्के पाणी असल्यामुळे ते जाळण्याला निरुपयोगी, पण शेणाबरोबर गोबरगॅसच्या टाकीत घालण्यास सोयीचे असतात. टाकी अर्थातच रानापासून बैलगाडीच्या अंतरावर हवी, कारण पाणी वाहून नेण्याचे भाडे कोणालाच परवडत नाही.

या सर्व नियोजित पिकांच्या आधी, कोणाचीही शिफारस नसताना, सोलापूरचे माळ आणि ओढेकाठ एका ऊर्जापिकाने व्यापले आहेत. वेडी बाभूळ, म्हणजे मूळची अमेरिका खंडातील प्रोसोपिस, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आली. तिच्या गोड शेंगा शेळ्या खातात, कठीण कवचाचे बी लेंडीतून नरम होऊन बाहेर पडते आणि खतासकट पेरले जाते. भीमा आणि सीना यांच्या काठांवर, गायरानांत, कालव्यांच्या भरावांवर तिची जाळी माजलेली दिसते. लाकूड घट्ट, धग मोठी, धूर कमी, त्यामुळे गावातल्या चुलींपासून वीटभट्ट्यांपर्यंत तिला मागणी आहे. तिचा कोळसाही चांगला पडतो. रायगड-ठाण्याकडचे कातकरी मजूर ठेकेदाराकडून उचल घेऊन दिवाळीनंतर सहकुटुंब घाटावर येतात, ते या कामात वाकबगार असतात. हातभर लांबीचे तुकडे गोलाकार रचून त्यावर ओला पाला आणि माती यांचा थर दिला जातो, माथ्यावरून विस्तव टाकला जातो, आणि पुढे कित्येक दिवस भट्टीला कोठे भेग पडली तर ती चिखलाने बुजवत राहावे लागते, कारण आत हवा शिरली तर कोळशाऐवजी राख हाती येते. सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे लाकडातले पाणी जात असल्याची खूण, आणि तो विरळ होऊन निळसर झाला की भट्टी बंद करण्याची वेळ झाली असे समजतात. पाच-सहा टन वाळलेल्या लाकडातून टनभर कोळसा मिळतो, आणि उरलेली बरीचशी ऊर्जा त्या धुराबरोबर निघून जाते. हा उद्योग अकार्यक्षम आणि त्यातील श्रम अत्यंत कमी मोबदल्याचे आहेत, पण हलक्या जमिनीतून इंधन काढणारी आणि कोणत्याही अनुदानाविना टिकलेली साखळी जिल्ह्यात हीच आहे, हे नोंदवले पाहिजे.

मोठ्या ग्राहकाचा प्रश्न याहून निराळा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडी परिसरात एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे आहे, आणि कोळशावरील केंद्रांनी त्याबरोबर पाच टक्के जैवभार, म्हणजे वनस्पतिजन्य इंधन, जाळावे असे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केले. असे केंद्र वर्षभर सरासरी साठ टक्के क्षमतेने चालले आणि युनिटमागे ६५० ग्रॅम कोळसा लागला असे धरले, तर वर्षाला सुमारे ४५ लाख टन कोळसा होतो आणि त्याचे पाच टक्के म्हणजे सव्वादोन लाख टन. हेक्टरी चार टनांच्या हिशेबाने त्यासाठी ५६ हजार हेक्टर हलके रान लागेल. जिल्ह्याचे क्षेत्र पंधरा लाख हेक्टरांच्या जवळ आहे, त्यामुळे हा आकडा अशक्य वाटत नाही, आणि नेमके येथेच हिशेब दिशाभूल करतो. हे रान एका जागी नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे पाणी असते, ते रानातच महिना-दीड महिना वाळवावे लागते, मग तुकडे करून, भुगा करून, दाबून त्याच्या कांड्या, म्हणजे पेलेट, बनवाव्या लागतात. ट्रकमध्ये सुटी फाटी भरली तर वजनाच्या आधी जागा संपते. गवत वापरावे तर त्यात सिलिका आणि पोटॅश अधिक, आणि त्यांची राख बॉयलरच्या नळ्यांवर वितळून चिकटते, म्हणून गवताचे अधिक उत्पन्न या ठिकाणी फारसे कामाला येत नाही. शिवाय तुराट्या, पाचट, भुसकट हे आयते जिन्नस बाजारात असेपर्यंत खास लावलेल्या लाकडाला जास्त भाव मिळण्याचे कारण नाही. शेजारच्या फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्थेने पाचटासारख्या हलक्या जैवभारापासून ज्वलनशील वायू करण्याचे जे प्रयोग केले, त्यांचा रोखही याच आयत्या मालाकडे होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्याला सरकारी दप्तरात पडीक म्हणतात ते रान रिकामे नसते. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजचा माळ १९७९ मध्ये माळढोक अभयारण्यात आला. माळढोक हा उघड्या गवताळ माळाचा पक्षी, झाडी वाढली की तो दूर जातो. तरीही अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कामांत आणि वनीकरणात या माळांच्या काही पट्ट्यांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली, ही चूक गवताळ प्रदेशांच्या अभ्यासकांनी पुढे वारंवार दाखवून दिली. पवना, मारवेल, कुसळी यांचे गवत धनगरांच्या मेंढ्या आणि खिलार जनावरे यांच्या पोटात जाते, आणि चारा छावण्या उघडाव्या लागणाऱ्या जिल्ह्यात ते जाळण्यासाठी कापणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरत नाही. दुसऱ्या बाजूला सांगोल्याच्या मुरमाड रानाने डाळिंबावर जो पैसा मिळवून दिला, त्याच्या शेजारी सरपणाचा हिशेब उभाच राहू शकत नाही. तेल्या रोगाने बागा गेल्या तरी शेतकरी दुसऱ्या फळझाडाकडे वळतो, लाकडाकडे नव्हे.

तेव्हा इंधनासाठी उरतात त्या फटी, आणि त्या थोड्या नाहीत. बांध, ताली, सलग समतल चरांच्या कडा, ओढ्याचे खचते काठ, विहिरीभोवतीचा मुरमाचा ढीग या जागी धूप थांबवण्यासाठी काहीतरी लावावेच लागते, आणि तेथे लावलेल्या सुबाभळीचे, हिवराचे किंवा करंजाचे लाकूड हे दुय्यम उत्पन्न असल्यामुळे जमिनीचा खर्च त्यावर पडत नाही. गायरानातील वेडी बाभूळ ग्रामपंचायतीने आडवी-तिडवी लिलावात न काढता पट्टे पाडून, एका पट्ट्याची मुळासकट तोड आणि त्या जागी गवत, अशा क्रमाने काढली, तर काही वर्षे गावाला सरपण व कोळसा आणि पुढे चराई मिळते. बांधावरच्या झाडांची तोड पावसाळा संपून थंडी सुरू होताना करावी, कारण तेव्हा लाकूड लवकर वाळते आणि रब्बीच्या ज्वारीवरची सावली हटते. पाने मात्र बांधाखालच्या रानातच झाडून घ्यावीत. नत्राचा मोठा वाटा पानांत असतो, आणि ती फाट्यांबरोबर भट्टीकडे गेली तर लाकडाच्या दरात त्यांची किंमत कोणी धरत नाही.